मीच सोडलं

मावशीची गाडी आमच्या गल्लीत वळली की आई खिडकीकडे न बघताच म्हणायची, "आली." पिवळी, बुटकी, डाव्या दारावर लांब ओरखडा असलेली ती गाडी उतारावरसुद्धा धाप लागल्यासारखा आवाज करते. मावशी शाळेच्या मुलांची ने-आण करते. सकाळी घराघरातून मुलं गोळा करायची, शाळेच्या फाटकाशी उतरवायची, दुपारी फाटकातून उचलायची आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या दारात सोडायचं. काम ऐकायला सोपं वाटतं. तिच्या शेजारच्या सीटवर बसून एक फेरी केली की मग वाटत नाही.

दार उघडून घरचं माणूस दिसल्याशिवाय ती गाडी हलवत नाही. जुळ्या बहिणींच्या घरी दार उघडायला त्यांची आजी यायची, आणि आजी यायची म्हणजे अगदी हळूहळू यायची. मागे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न सुरू व्हायचे. मावशी आरशात बघून म्हणायची, "वाजव बाबा, वाजव. तुझ्या हॉर्ननं आजीचे गुडघे बरे होणार असतील तर आणखी जोरात वाजव." मग दार उघडायचं, आजीचा हात दिसायचा, जुळ्या त्या हाताखालून आत शिरायच्या आणि मावशी त्यांच्या आईला मोबाईलवरून एकच शब्द पाठवायची. "सोडलं". पुढे पूर्णविरामसुद्धा नाही.

सगळी मुलं उतरली की ती गाडी कडेला घेऊन मागे जाते आणि प्रत्येक सीटवरून तळहात फिरवते. "डोळ्यांचा भरवसा नाही," ती म्हणते. "पाय पोटाशी घेऊन झोपलेलं मूल दप्तरासारखंच दिसतं. हाताला मात्र लागतं." तिच्या गाडीत असं मूल कधी राहिलं नाही. तरी हात फिरतोच.

तिची स्वतःची मुलगी खारू. दाताने कुरतडलेली पेन्सिलींची थोटकं कुठेकुठे लपवून ठेवायची सवय, म्हणून हे नाव. तिची थोटकं आमच्या घरी कुंडीमागे सापडायची, मावशीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात सापडायची, एकदा माझ्या बुटात सापडलं. आई ओरडली तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "आपल्या जागा असतात ना, तिथेच ठेवते मी. कुठेही नाही ठेवत."

काका औषधांच्या दुकानात काम करतात. नीटनेटका माणूस. गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या हे दोनदा समजावून सांगणारा आणि घरी आल्यावर एकदाही न बोलणारा. त्यांच्या घरात भांडणं नव्हती. अबोला होता. तो कधी सुरू व्हायचा आणि कशावरून, हे मावशीला बऱ्याचदा कळायचंही नाही. "मीठ संपलंय" हे वाक्य ती खारूला सांगायची, खारू बाबांना सांगायची आणि "आणतो" हे उत्तर त्याच वाटेने परत यायचं. शेवटी एका संध्याकाळी काका बोलले ते खारूशीच बोलले. "तुझ्या आईला गाडी चालवता येते फक्त. घर चालवणं हिच्या हातचं नाही." हा निरोप आईला सांगायचा की नाही, ते न कळून खारू दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मावशी म्हणते, तिचं ते बघणं बघितलं आणि मी बॅग काढली.

दुसऱ्या दिवशी खारूच्या शाळेला सुट्टी होती, बाकीच्या शाळांना नव्हती. अशा सुट्ट्यांना खारू नेहमी तिच्या आत्याकडे असे. मावशीने तिला तिथे नेलं, आत्याने दार उघडलं, खारू आत गेली. मग मावशीने काकांना निरोप पाठवला. "खारूला वन्संकडे सोडलं. मी ताईकडे जाते. आता परत येणार नाही." ताई म्हणजे माझी आई.

संध्याकाळी फेरी संपवून ती खारूला न्यायला गेली, तेव्हा आत्याने दाराची साखळी काढली नाही. फटीतून खारूची चप्पल दिसत होती, आतून टीव्हीवरची गाणी ऐकू येत होती.

"ती आता इथेच राहील. त्याने तसं सांगितलंय," आत्या म्हणाल्या.

"अहो वन्सं, मी न्यायला आलेय तिला."

"तूच सोडून गेलीस ना?"

"हो, सकाळी सोडलं ना मी."

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाल्या आणि दार लावलं.

मावशी आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसली आणि किती तरी वेळ विचारत राहिली, "पण काय म्हणाल्या त्या? तेच म्हणतेय म्हणजे काय?" सोफ्यावरून तिचा तळहात इकडून तिकडे फिरत होता.

पुढे कोर्टाची नोटीस आली तेव्हा ते कळलं. काकांनी घटस्फोटासाठी आणि मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला होता. पत्नी अल्पवयीन मुलीला सोडून, परत न येण्याच्या इराद्याने निघून गेली, असं त्यात लिहिलं होतं. जोडीला तो निरोप होता, जसाच्या तसा. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. तिन्ही वाक्यं एकापुढे एक वाचली की खरंच तसंच वाटत होतं. वाचताना माझाच आवाज मला काकांच्या बाजूचा वाटला.

मावशी मात्र दुसऱ्याच शब्दावर अडली होती. "ताबा?" ती म्हणाली. "ताबा गाडीवर असतो गं. पेपरात येतं बघ, चालकाचा ताबा सुटला." मग ती हसली, आणि हसताहसता तिला श्वास पुरेना.

वकील शोधायला हवा होता. आईने ओळखीतून एक मोठे वकील काढले. त्यांच्या खुर्चीची पाठ त्यांच्या डोक्याच्याही वर जात होती. मावशीने विचारलं, "मुलगी कधी भेटेल?" ते म्हणाले, "मुलीचं नंतर बघू. आधी त्याला असा धडा शिकवू की जन्मभर लक्षात राहील." मावशीने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा धडाच काढला. ती उठली. जिना उतरताना आई चिडली, "अगं, एवढा मोठा माणूस!" मावशी म्हणाली, "ताई, हा माणूस रिव्हर्स टाकूनच गाडी सुरू करतो. मला पुढे जायचंय."

मोफत सल्ल्याच्या खोलीबद्दल तिला जुळ्यांच्या आईने सांगितलं. कोर्टाच्याच इमारतीत, तळमजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनशेजारी. तिथे बायका भिंतीला टेकून उभ्या असत, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. कुणी कुणाशी बोलत नसे, पण दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वळत. आत वकीलबाई होत्या. एक चष्मा नाकावर, एक केसांत, आणि त्या टेबलावर तिसरा शोधत होत्या.

"बसा. सांगा."

"हे औषधांच्या दुकानात असतात," मावशीने सुरुवात केली. "ह्यांनी अर्ज केलाय."

"हे म्हणजे कोण?" वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "आलेत का ते?"

लग्न झाल्यापासून तिने काकांना 'हे' म्हटलं होतं, कायम जवळच उभे असल्यासारखं. तिने 'ते' म्हणून बघितलं, ते परक्या माणसासारखं वाटलं. 'तो' तर तोंडातून निघेना.

"मुलीचे बाबा म्हणा," वकीलबाई म्हणाल्या. "तेवढं तरी राहणारच आहे ना."

त्यांनी निरोप वाचला. चष्मा बदलून पुन्हा वाचला. मग इतकंच म्हणाल्या, "अहो ताई, हे काय लिहून बसलात?"

"रोज लिहिते मी. मुलांच्या आईवडिलांना."

"आणि हे 'परत येणार नाही'?"

"घरी नाही येणार असं. त्यांच्या घरी. खारूला न्यायला तर मी संध्याकाळीच येणार होते. ते काय लिहायचं असतं का? सोडलं म्हणजे न्यायला येणारच."

तेवढ्यात वकीलबाईंचा फोन वाजला. "हं. अरे, मी कोर्टात आहे. तू सोड तिला क्लासला, मी येताना आणते. सोडलंस की कळव." फोन ठेवून त्यांनी समोरच्या निरोपाकडे बघितलं. मग नाकावरचा चष्मा काढून हसायला लागल्या. मावशीही हसली. घर सोडल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली असेल.

पण हसणं संपल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "बोलताना शब्दाच्या मागे माणूस उभा असतो. कागदावर शब्द एकटाच असतो, कुणीही यावं आणि हाताला धरून न्यावं. जजसाहेबांसमोर हा शब्द तुमच्या तोंडून यायला नको. पोचवलं म्हणायचं. काय म्हणायचं?"

"पोचवलं."

"मुलीला आत्याकडे?"

"पोचवलं."

"छान. घटस्फोटाचं पुढे बघू, त्याला वेळ लागतो. आपण आधी एवढंच मागू की निकाल लागेपर्यंत मुलगी तुमच्याकडे राहावी. आणि आजच, लगेच, भेटीसाठी अर्ज टाकू."

मावशी शब्दाची सवय करायला लागली. फेरीत जुळ्यांना उतरवून तिने "पोचवलं" असा निरोप पाठवला आणि लगेच फोन आला. "कुठे पोचवलं? काय झालं? दवाखान्यात आहात का?" आजीशी बोलणं होईपर्यंत त्या आईचा जीव फोनमध्येच अडकला होता. दुसऱ्या एका बाबांनी तर ऑफिसातून निघून घर गाठलं. मावशीने सगळ्यांची माफी मागितली आणि निरोप पुन्हा "सोडलं" असा केला. मग ती माझ्यापाशी सराव करायला लागली. भाजी निवडता निवडता मी अचानक विचारायचे, "मुलीला काय केलंत?" आणि ती दचकून म्हणायची, "पोचवलं." एकदा आईनेच मधे विचारलं, "डबा कुठे ठेवलास गं?" तर तिलाही "पोचवलं" असं उत्तर मिळालं.

हसत होतो आम्ही, पण तिची झोप उडाली होती. गाडी चालवताना कधी नव्हे ती मागच्या सीटवरच्या मुलांना एकेक करून हाका मारायची. सगळ्यांनी "हो" म्हटलं तरी पुढच्या सिग्नलला पुन्हा. मुलं कंटाळली. एक मुलगी म्हणाली, "काकू, आम्ही काय हवेत विरघळणारोत का?"

भेट ठरली कोर्टातल्याच एका खोलीत. भिंतीवर जिराफ काढला होता, जिराफाच्या मानेवर मुलांची उंची मोजायच्या खुणा होत्या. कोपऱ्यात समुपदेशक बाई वही घेऊन बसल्या होत्या. मावशीने नव्या पेन्सिली नेल्या होत्या. खारूने त्या घेतल्या, टोकं तपासली, खिशात ठेवल्या.

"जेवतेस ना नीट?"

"हो."

"आत्या वेणी घालते?"

"हो. घट्ट घालते." मग जरा वेळाने, "आत्याकडे नवा पडदा लावलाय. निळा."

"छान आहे?"

"ठीक आहे."

तिने आई कधी येणार, कुठे राहते, काहीच विचारलं नाही. वेळ संपल्यावर समुपदेशक बाईंनी हात पुढे केला, खारूने तो धरला आणि ती निघाली. दारातून तिने मागे वळून बघितलं नाही. गाडीत बसल्यावर मावशीने पर्स मांडीवर उपडी केली. किल्ल्या, रुमाल, डोकेदुखीची गोळी. आतला कप्पा तिने उलटा करून झटकला. एकही थोटूक नव्हतं.

काही दिवसांनी वकीलबाईंनी समुपदेशकांचा अहवाल वाचून दाखवला. मुलगी शांत आहे, वयाच्या मानाने समजूतदार आहे, दोन्ही पालकांविषयी तक्रार करत नाही. आणि पुढे खारूचं एक वाक्य, तिच्याच शब्दांत लिहिलेलं. "आई मला आत्याकडे सोडून गेली."

वकीलबाई पुढचं वाचत होत्या. मावशी ऐकत नव्हती.

"ते परत वाचा."

त्यांनी वाचलं.

"कशी म्हणाली असेल ती हे?" मावशीने विचारलं. "म्हणजे, कुठल्या अर्थानं?"

वकीलबाईंनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. "ते कागदावर नाहीये, ताई."

त्या दिवसापासून मावशीची काळजी बदलली. साहेब काय समजतील, ही भीती होतीच. पण आमच्या घरात ती खिडकीशी उभी राहून ते वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघायची. एका सुरात ते रोजच्यासारखं होतं, आई सोडून गेली, संध्याकाळी येईल. दुसऱ्या सुरात ऐकवत नव्हतं. शब्द तेच, अगदी तेच. मला वाटायचं, भाषेने निदान आईला तरी दोन वेगळे शब्द द्यायला हवे होते.

सुनावणीच्या दिवशी शिपायाने दोघांची नावं एकापाठोपाठ, एका दमात पुकारली. लग्नाच्या पत्रिकेनंतर ती नावं अशी जोडीने कुणी उच्चारली नसतील. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, बारीक झाले होते. त्यांनी मावशीकडे बघितलं आणि मान खाली घातली. खोली लहान होती. पंख्याखाली कागद फडफडू नयेत म्हणून साहेबांनी त्यांच्यावर पंचिंग मशीन ठेवलं होतं.

काकांचे वकील उंच आणि अतिशय मृदू आवाजाचे होते. त्यांनी निरोप वाचला, मग खारूचं वाक्य वाचलं. "आई आणि मुलगी दोघी एकच गोष्ट सांगताहेत, साहेब," असं म्हणून ते खाली बसले. त्यांना आवाज चढवायची गरजच नव्हती.

साहेब मावशीकडे वळले. थकलेले होते, पण तुसडे नव्हते. "बाई, मी तुम्हाला सरळ विचारतो. त्या दिवशी मुलीला तुम्ही स्वतः आत्याकडे सोडलंत?"

मी मनातल्या मनात तिला सांगत होते. पोचवलं. पोचवलं म्हण.

"हो," मावशी म्हणाली. "मीच सोडलं."

कोपऱ्यात टायपिस्टची बोटं चालायला लागली. ते दोन शब्द छापले जाताहेत असं मला वाटलं. वकीलबाईंनी डोळे मिटले. मावशीच्या लक्षात आलं ते नंतर. तिने तोंडावर हात ठेवला, मग काढला. "म्हणजे, साहेब, दार उघडेपर्यंत मी उभी होते. वन्संनी तिचा हात धरला, मगच मी..." आणि पुढे तिला शब्द सापडेना. ज्या शब्दाने ती रोज आयांना निश्चिंत करायची, तोच तिला आडवा आला होता.

"आलं आमच्या लक्षात," उंच वकील हलकेच म्हणाले.

वकीलबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या शब्दाचा अर्थ सांगायला लागतील आणि ते केविलवाणं दिसेल. त्यांनी अर्थाचं नावच काढलं नाही.

"साहेब, मुलीच्या वडिलांना एकच गोष्ट विचारायचीय. परवानगी असावी."

साहेबांनी मान हलवली.

"मुलगी सध्या शाळेत जाते ना?"

"हो, जाते की. रोज जाते," काका म्हणाले. प्रश्न सोपा निघाला म्हणून त्यांचे खांदे जरा सैल झाले.

"कशी जाते?"

"मीच सोडतो. दुकान उघडायच्या आधी."

"रोज?"

"रोजच. मला जमलं नाही तर माझी बहीण सोडते."

"म्हणजे," वकीलबाईंनी केसांतला चष्मा नाकावर घेतला, "तुम्ही तिला रोज सोडता. तुमच्या बहिणीही सोडतात."

काका "हो" म्हणायला तोंड उघडून तसेच थांबले. त्यांच्या कानापासून मानेपर्यंत लाली चढत गेली. टायपिंग थांबलं. साहेबांनी पंचिंग मशीन उचलून पुन्हा त्याच जागी ठेवलं, आणि मला वाटतं ते हसू दाबण्यासाठीच असावं. उंच वकील काही बोलायला उठले, पण काकांनीच त्यांच्या बाहीला हात लावला. का लावला, ते मी अजून विचार करते. कदाचित घरात निरोपांची ती लांब वाट चालत राहिलेल्या माणसाला तेवढं तरी कळलं असेल.

"शब्दाचं झालं," साहेब म्हणाले. "पण शब्दावर मूल राहत नाही, बाई. घराचं सांगा. तुम्ही बहिणीकडे राहता. दिवसभर गाडीवर असता. मुलीकडे कोण बघेल?"

हा प्रश्न तर मावशीने सरावात धरलाच नव्हता. पण इथे ती अडखळली नाही. शाळेजवळ खोली बघितलीय, म्हणाली. किल्ली मिळालीय. "आणि बघायचं म्हणाल तर ती माझ्याच गाडीत असेल, साहेब. सगळ्यांच्या आधी चढेल, सगळ्यांच्या नंतर उतरेल. माझ्या नजरेआड फक्त शाळेत."

साहेबांनी जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश देतो म्हणून सांगितलं, आणि खारूशी एकटीशी बोलायचंय, तिला आणा, असंही सांगितलं. आत्या तिला घेऊन आल्या. घट्ट वेण्या, शाळेचे बूट. ती साहेबांच्या आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं. आम्ही बाहेर बाकावर. काका समोरच्या भिंतीशी. आईने आणलेला डबा कुणी उघडला नाही. मावशी त्या बंद दाराकडे बघत होती. आत मूल गेलं की गाडी हलवायची, इतकंच तिला माहीत होतं. इथे मूल आत गेलं होतं आणि हलायचं कुठे ते कळत नव्हतं.

खारू आत काय बोलली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिलाही कुणी विचारायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलं.

आदेश तात्पुरता होता. निकाल लागेपर्यंत खारू आईकडे राहील. शनिवारी दुपारी आईने तिला वडिलांच्या घरी न्यायचं, रविवारी संध्याकाळी परत आणायचं. पुढच्या तारखेला पुन्हा बघितलं जाईल. मावशीने "पुन्हा बघितलं जाईल" एवढंच ऐकलं आणि वकीलबाईंचा हात घट्ट धरला. "म्हणजे परत जाईल का?"

"आज नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आजचा दिवस घ्या ना, ताई. पुढच्या तारखेचं ओझं माझ्याकडे द्या, त्याच्यासाठीच बसलेय मी." आणि बाहेर भिंतीला टेकलेल्या पुढच्या बाईला त्यांनी आत बोलावलं.

पहिल्या शनिवारी मी गाडीत होते. खारू मागच्या सीटवर, खिडकीशी. आठवडाभर ती आईच्या नव्या खोलीत राहिली होती, पुस्तकं तिने एका कोपऱ्यात रचली होती, बोलणं मोजकंच होतं. ते वाक्य मावशीने एकदाही तिच्यासमोर काढलं नाही. ओठांवर मात्र रोज यायचं, हे मला दिसत होतं.

काकांच्या इमारतीचा जिना आम्ही तिघी चढलो. दार त्यांनीच उघडलं, बेल वाजायच्या आत.

"पाणी?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

"नको," मावशी म्हणाली. "गाडी आडवी लावलीय."

काका बाजूला झाले, आत जायला वाट झाली. खारू जागची हलली नाही.

"आई," खारू म्हणाली, "हात सोड ना."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. मावशीने तिचा पंजा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तिने तो सोडला. खारूने बोटं झटकली, बूट काढून भिंतीशी नीट लावले आणि आत जाताजाता, मागे न बघता, म्हणाली, "येते."

आम्ही खाली आलो. मावशीने सवयीने फोन हातात घेतला, पण कळवायचं असं कुणी नव्हतंच. तिने तो परत ठेवला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. तिने काहीच उत्तर दिलं नाही. दार उघडून ती मागे गेली आणि रोजच्यासारखा सीटवरून हात फिरवायला लागली. पहिली सीट, मधली सीट. शेवटच्या सीटवर, खिडकीच्या कडेला, बैठक आणि पाठ यांच्या फटीत तिचा हात थांबला.

कुरतडलेलं थोटूक. नव्या पेन्सिलींपैकी एक, इतक्यात इतकी लहान झालेली.

मावशीने ते बोटांनी चाचपलं, पण बाहेर काढलं नाही. जरासं आणखी आत सरकवलं, कुणाच्या दप्तराला लागून पडू नये इतपत. मग पुढे येऊन बसली, आणि हॉर्न वाजवणाऱ्याला आरशातून म्हणाली, "जाते रे बाबा, जाते."